न सावडलेली राख

विश्रामबाग, सांगली
४ फेब्रुवारी २०२५

चि. अनीश यास,

हे पत्र लिहावं लागतंय त्याचं कारण एकच. भार्गवीची राख तू नेलीस असं स्मशानातला हरिबा सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सावडायला गेलो. सुमंतरावांच्या हातात नवं मडकं, त्यांच्या ज्ञानदाच्या हातात दूध. चौथरा घासून ठेवल्यासारखा स्वच्छ होता. हाड नाही, कोळसा नाही. सुमंतरावांना वाटलं आपणच चुकलो. ते शेजारच्या दोन्ही चौथऱ्यांपाशी जाऊन वाकून बघून आले. आपल्या बायकोची राख माणूस अशी शोधत फिरताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मी हरिबाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "आवं बाई, तुमचाच पोरगा न्हाई का त्यो चष्म्याचा? पोती घिऊन आल्ता. म्हनला, घरचाच हाय, गंगंला न्यायचीय. म्या म्हनलं, समदी? तर म्हनला, चिमूट ठिवू नगंस, झाडून दे. लय माया बगा पोराची."

भार्गवी माझी धाकटी बहीण, पण तुझी सख्खी काकू होती. तुझी तिच्यावरची माया हरिबाशिवाय आजवर कुणाला दिसली नव्हती. ती गंगेला गेलेली नाही, एवढं मला कळतं. मग कुठे गेली?

भटजी म्हणाले दर्भाची प्रतिमा करून पुढचे विधी करता येतात. सुमंतरावांनी ऐकलं नाही. राख आल्याशिवाय दहावं नाही, तेरावं नाही, एवढंच ते बोलतात. साताऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत मडकं घेऊन बसून आहेत. मी त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही.

राख कुठे आहे, का नेलीस, कधी देणार, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून, खाली सही करून पाठव. फोन करू नकोस. फोनवर बोललेलं उद्या नाकारता येतं.

क्षमामावशी

*

पुणे
८ फेब्रुवारी २०२५

ती. क्षमामावशी यांस सा. न. वि. वि.

हरिबा खरं बोलतो. राख मी नेली. लपवायचा हेतू नव्हता. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून नंतर सांगणार होतो.

माझं संशोधन टाकाऊ वस्तू, जोखीम आणि चक्राकार अर्थव्यवस्था यांवर आहे हे तुम्हाला माहीत आहे. चितेच्या राखेतून सोनं काढणारी माणसं आपल्या भागात आहेत. आपण ज्याला अमंगळ म्हणून पाठ फिरवतो त्यातून मूल्य परत कोण आणतं, त्यासाठी तेजाबाच्या वाफा कुणाच्या छातीत जातात, हा माझा विषय. सगळं लिहून झालं होतं. अडलं होतं एका आकड्यावर. राखेत गेलेल्या सोन्यापैकी परत किती मिळतं? हे कुणालाच सांगता येत नाही, कारण चितेवर नेमकं किती गेलं होतं हेच कुणाला ठाऊक नसतं.

काकूच्या बाबतीत ते ठाऊक होतं. सवाष्ण गेली, तिचं सगळं तिच्या अंगावरच जाऊ दे, असा काकांचा हट्ट होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला सराफाची पावतीही दाखवली: मंगळसूत्र, नथ, तोंडात ठेवलेला मणी. मी वजनं टिपून घेतली. त्यांना बरं वाटलं, कुणीतरी आस्थेनं विचारतंय म्हणून.

राख सध्या पलूसला लालासाहेब नावाच्या गलाईवाल्यांकडे आहे. सराफांच्या दुकानातल्या केरातून सोनं गाळण्याचा त्यांचा पिढीजात धंदा आहे. काम झालं की उरलेली राख परत मिळेल. सोनं तेवढं निघेल, बाकी काकू तशीच राहील. काकू स्वतः किती काटकसरी होती! तिला हे पटलं असतं.

एक विनंती. स्नान तुम्ही घातलंत. नथ शेवटपर्यंत नाकात होती ना, एवढं एका ओळीत कळवा. नोंदीसाठी लागेल.

आपला,
अनीश

*

विश्रामबाग
११ फेब्रुवारी

अनीश,

काल पलूसला जाऊन आले. उसाच्या रानाला लागून पत्र्याची शेड आहे. दारातच डोळे झोंबले. आत चार पोरं तोंडाला रुमाल बांधून खोकत होती. लालासाहेब खुर्चीवर बसून फोनवर कुणाला तरी हसवत होते. धिप्पाड माणूस, दोन्ही हातांत अंगठ्या.

मी म्हटलं, "राख न्यायला आलेय."

"कुटली? हितं समदी राखच हाय, बाई. सराफाचा केर हाय, त्येंच्या गाद्या जाळल्याली राख हाय, पायपुसनी हायती. नंबर सांगा."

"भार्गवी थत्ते. सातारा."

"आमच्यात नावं नसत्यात." मग आत ओरडले, "ए सिद्धू, त्या पुण्याच्या सायबाचं पोतं कुटं हाय रं?"

"चक्कीत, मालक."

त्यांनी मला झाकण उघडून दाखवलं. पितळ घासायला घ्यावी तशी बारीक पांढरी पूड. म्हणाले, "मैद्यागत झालीया बगा."

"आणि हाडं?"

"त्यातच की. हाडाला बी सोनं धरतंय. दळल्याबिगार सोडत न्हाई. बसा, च्या घ्या. च्यात राख पडत न्हाई आमच्या, भिऊ नगा."

मी बसले नाही. त्यांना मात्र बोलायची हौस फार. "सवाष्नीची राख ब्येस, बाई. इधवंच्या राखंत काय ऱ्हातंय? आमी हात बी लावत न्हाई." मग माझ्या गळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

मी म्हटलं, "म्हणजे माझी राख माझ्या माणसांना मिळेल तर."

ते इतके हसले की खोकला लागला. राख मात्र दिली नाही. साहेबांचा शब्द पाहिजे म्हणाले. आमचे गंगाधरपंत गेले तेव्हा त्यांच्या अस्थी मी स्वतः वेचल्या होत्या, बायकांनी येऊ नये असं चार जण म्हणत असताना. तेव्हा हाडं काय असतात ते मला माहीत आहे, आणि मैदा काय असतो तेही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: तिच्या अंगावर काय गेलं हे जगात फक्त मला माहीत आहे. राख येईल तेव्हा सांगेन.

क्षमा दातार

*

पुणे
२ मार्च

ती. क्षमामावशी यांस,

वाईट बातमी आहे. निकाल आला. पावतीप्रमाणे दोन तोळ्यांच्या वर सोनं चितेवर गेलं. निघालं मुगाच्या डाळीएवढं. तांबं मात्र भरपूर निघालं. ते चितेवर टाकलेल्या पैशांचं असणार. दोन तोळे कुणाच्या खिशात गेले ते उघड आहे.

खरं सांगायचं तर यामुळे प्रबंधाला धार आली. आजवर सगळे लिहीत आले की ही माणसं अडाणी असली तरी इमानी आहेत. माझ्याकडे पहिल्यांदाच गळतीचा पुरावा आहे. एप्रिलमधल्या परिषदेत मी तो मांडणार आहे. त्याआधी बाजारात दोन-चार ठिकाणी लालासाहेबांची चौकशी केली.

उरलेली राख मी पलूसहून उचलून आमच्या प्रयोगशाळेत आणली आहे. साधारण तिसरा हिस्सा तपासणीसाठी तेजाबात घातला आहे. तुमच्या सहीचं निवेदन मला हवं: दागिने चितेवर होते, एवढंच. स्नान घालणाऱ्या तुम्ही एकट्या. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही.

अनीश

*

पलूस
९ मार्च

दातार बाईस्नी लालासाहेबाचा रामराम.

तुमी आल्ता तवा च्या बी न घेता गेलासा. तरी बी लिवतोय, कारन दुसरं कोन न्हाई. तुमच्या सायबानं माजं नाव मातीत घातलं. सांगलीच्या पेठंत, विट्याला, फोन करून इचारलं, लालासाहेबाचा हात साफ हाय का? इचारलं नुसतं! आमच्या धंद्यात इचारलं की संपलं. कोइमतूरला सारी जवानी गेली माजी, सराफ डोळं झाकून केर द्यायचं. आता पायपुसनं बी कोन दीत न्हाई. चक्की बंद हाय.

म्या न्हाई घेतलं. माज्या शेडात आली ती राख, भाइर गेली ती राख. मंग घेतलं कुनी? डोस्कं लावलं. पोती कुनी भरली? हरिबानं. साताऱ्याला जाऊन धरला. म्हनलं, "हऱ्या, नथ कुटं हाय?" तर पायच धराय लागला. "मालक, देवाशपथ, म्या झाडूनशान दिलं, बगितलं बी न्हाई." दोन वाजवल्या. एक दात पडला, पन कबूल हुईना. त्येची बायकू दारात हुबी ऱ्हाऊन मला शिव्या देत हुती, लय तोंडाळ हाय. मंग वर सांगूनशान त्येला कामावनं काडला. खोली बी सरकारीच हुती, ती गेली. मला काय हौस हाय व्हय?

आवं बाई, न्हाऊ तुमी घातलंसा. अंगावर व्हतं का न्हवतं, येवडंच सांगा. एक वळ लिवा. व्हतं म्हनलासा तर हऱ्याची हाडं आनी मऊ करतो. न्हवतं म्हनलासा तर त्येच्या दारात जाऊन डोस्कं टेकतो, आनि तुमचा कागद पेठंत फिरवतो. माजी घरवाली म्हनती, शिकल्याली बाई हाय, खोटं लिवनार न्हाई.

लालासाहेब

*

विश्रामबाग
१३ मार्च

श्री. लालासाहेब यांस,

पत्र मिळालं. तुमच्या घरवालीला सांगा, मी खोटं लिहिणार नाही. खरंही आत्ताच लिहिणार नाही.

माझ्या बहिणीची हाडं चक्कीत टाकताना तुम्ही ती कुणाची हे विचारलं नाहीत. तुमच्याकडे नावं नसतात. मग हरिबाचं नाव एकदम कसं आठवलं? तो तुमच्यापेक्षा गरीब आहे म्हणून आठवलं. अनीशला तुमचं आठवलं तेही त्याच हिशेबाने.

हरिबाने झाडून दिली, तुम्ही दळली, अनीशने तेजाबात घातली. तिघांनी मिळून तिला पोत्यात भरलंत. आता थोडे दिवस तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघा. राख माझ्या घरी आल्याशिवाय माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही. घाई असेल तर ज्याने ती अडवली आहे त्याच्या दारात बसा.

क्षमा दातार

*

पुणे
२० मार्च

ती. क्षमामावशी यांस,

लालासाहेब माझ्या विभागात येऊन आरडाओरडा करून गेले. त्यांना पत्ता कुणी दिला ते विचारत नाही.

ज्ञानदाचा फोन आला होता. काका जेवत नाहीत, फक्त दूध घेतात. माणसं ओळखतात, पण काकू स्टँडवर उतरली असेल, कुणी आणायला गेलं का, असं विचारतात. तिला आता सगळं माहीत आहे, मीच सांगितलं. ती रडली, पण म्हणाली, काहीतरी दे अनीश, एक मूठ दे, बाबांना सावडल्यासारखं वाटू दे.

तेव्हा असं करतो. दोन हिस्से राख कोरडी आहे. ती उद्याच साताऱ्याला पोचवतो. बरण्यांतला भाग परिषदेपर्यंत मला हवा, तो नंतर देतो. निवेदनसुद्धा नंतर चालेल. ज्ञानदा म्हणते, क्षमामावशीला विचारल्याशिवाय ती घेणार नाही, कारण आजवर सगळं तुम्हीच बघितलंत. तुम्ही फक्त हो म्हणा.

अनीश

*

विश्रामबाग
२३ मार्च

अनीश,

नाही.

तू दोन हिस्से देशील आणि तिसरा कायमचा ठेवशील. मागणारं माणूस गप्प झालं की राहिलेलं कोण देतं? अर्धवट बहीण मला नको. सगळी राख, बरण्यांतली आणि बाटल्यांतलीसुद्धा, एकाच वेळी, माझ्या दारात आली पाहिजे. त्याखेरीज सुमंतरावांच्या घरी चिमूटभरसुद्धा न्यायची नाही. ज्ञानदाला मी तसं कळवते. ती माझं ऐकते.

सुमंतराव थांबतील. लग्न झाल्यापासून ते भार्गवीसाठी थांबतच आले आहेत, साडीच्या दुकानात, लग्नकार्यात, स्टँडवर. थांबणं त्यांना जमतं. दुसरं काही फारसं जमलं नाही.

क्षमा दातार

*

पुणे
२४ एप्रिल

ती. क्षमामावशी यांस,

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी परिषदेत होतो, येता आलं नाही. शेवटच्या आठवड्यात ते मडक्यात हात घालून घालून बघायचे असं ज्ञानदा म्हणाली. त्यांची राख व्यवस्थित सावडली जावी म्हणून हरिबाच्या जागी आलेल्या माणसाला मी फोन करून बजावलं होतं. तेवढं तरी माझ्याकडून झालं.

परिषदेत लेखाचं चांगलं स्वागत झालं. छापायला स्वीकारला आहे. लालासाहेबांचं नाव बदललं आहे, गाव तेवढं तसंच ठेवलं आहे. गावाशिवाय संदर्भ लागत नाही.

कबूल केल्याप्रमाणे सगळं आज गाडीने पाठवत आहे. तेजाबात विरघळलेला भाग बाटलीत आहे. बाटली आडवी करू नये. निघालेलं सोनंही पुडीत ठेवलं आहे. आता निवेदन पाठवा, छपाईच्या आधी जोडायचं आहे.

अनीश

*

विश्रामबाग
२७ एप्रिल

अनीश,

राख पोचली. हे घे निवेदन.

मी, क्षमा गंगाधर दातार, भार्गवीला स्नान घातलं. ज्ञानदाला पाणी आणायला पाठवून मी दार लावून घेतलं. मंगळसूत्र आणि नथ काढून माझ्या पर्समध्ये ठेवली. भार्गवी एसटीने येता-जाता घालायची तो तिचा बेन्टेक्सचा पितळी सेट कपाटात होता, तो तिच्या अंगावर घातला. खरं सोनं होतं ते फक्त तोंडातल्या मण्यात. तुझी मुगाची डाळ ती हीच. तांबं चितेवरच्या पैशांचं असेल असं तू लिहिलंस तेव्हा मला हसू आलं. रसायनशास्त्र मीही शिकले आहे, जुन्या काळी का असेना. पितळ जाळलं की काय उरतं, हे तुझ्या विभागात कुणालाच सुचलं नाही?

सुमंतरावांना सांगितलं असतं तर त्यांनी काढू दिलं नसतं. दोन तोळे जाळून पुण्य लागतं असं मी मानत नाही. ते ज्ञानदासाठी ठेवले. तुझ्या भाषेत बोलायचं तर मी ते चक्रात परत आणले, एकही हाड न दळता.

तेव्हा लालासाहेबांनी चोरलं नाही, हरिबाने चोरलं नाही, आणि तुझी गळती कुठेच झालेली नाही. तू मार्चमध्येच सगळी राख दिली असतीस तर हे मार्चमध्येच सांगितलं असतं. ती दिली नाहीस, तेव्हापासून मला तुझा लेख स्वीकारला जायला हवा होता. स्वीकारलेला लेख परत घेताना माणसाचं जे होतं, ते तुझं व्हावं असं मला वाटत होतं. या पत्राच्या प्रती तुझ्या मार्गदर्शकांना, छापणाऱ्यांना, लालासाहेबांना आणि हरिबाला आजच रजिस्टरने गेल्या.

क्षमा दातार

*

पुणे
३ मे

श्रीमती दातार यांस,

लेख मागे घेतला. शिष्यवृत्ती बंद झाली. तुम्ही म्हणालात तसंच सगळं झालं.

तुमचं २३ मार्चचं पत्र, ज्यात तुम्ही एक चिमूटही नेऊ नको म्हणालात आणि काकांना थांबणं जमतं असं लिहिलंत, ते मी ज्ञानदाला पाठवलं आहे. २७ एप्रिलचंही. कागदावर लिहून सही करायची ही शिस्त तुमचीच.

अनीश

*

हस्तांतराची नोंद
विश्रामबाग, सांगली
११ मे २०२५

अनीश थत्ते याच्याकडून आलेलं: दळलेली राख, स्टीलच्या डब्यांत. झाकणांवर त्याने क्रमांक घातले होते, ते मी खरवडून काढले. तीच राख, ओली, काचेच्या बरण्यांत. तेजाबात विरघळलेला भाग, एका बाटलीत. निळसर पाणी, तळाला गाळ. सोन्याचा मणी, आता गोल राहिलेला नाही.

लालासाहेब, पलूस यांना: पत्राची प्रत. "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आली. शेडला कुलूप आहे असं पोस्टमन म्हणाला.

हरिबा यांना: पत्राची प्रत. त्या खोलीत आता दुसरं कुटुंब राहतं. हरिबा बायकोला घेऊन कुठे गेला ते शेजाऱ्यांना माहीत नाही. प्रत परत आली.

ज्ञानदाला, आज सकाळी, माझ्या घरी: वरील सर्व राख, बाटलीसह, आणि मणी. मंगळसूत्र व नथ मी टेबलावर ठेवली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी ती उचलून घेतली. बाटली उभी धरून नेण्यासाठी तिने गाडीत एक माणूस आणला होता. चहा घेतला नाही.

पावती तिने उभ्यानेच लिहिली. ती जशीच्या तशी:

"श्रीमती क्षमा गंगाधर दातार, राहणार विश्रामबाग, यांच्याकडून माझ्या आईची राख मिळाली. ती माझ्या वडिलांकरिता घेत आहे. ते हयात नाहीत. — ज्ञानदा सुमंत थत्ते."